१०९ टन मुंबईकर

मुंबईत गाडी का थांबली, हे कळायला उद्घोषणा लागत नाही. रुळांवर पाणी साचलं, सिग्नल गेला, ओव्हरहेड वायर तुटली, रुळाला तडा गेला, कुठे म्हैस आडवी आली. डब्यातला कोणीही माणूस मोबाइलमधून डोकं वर न काढता यांतलं एक कारण सांगतो आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. २०२५च्या १९ ऑगस्टला या यादीत एका नव्या कारणाची भर पडली. गाडीत माणसं चढली.

गाडी अर्थातच मोनोरेल होती. पाऊस धो धो, हार्बर लाइन पाण्यामुळे बंद, वेळ संध्याकाळी घरी जायची. एरवी मोनोकडे मान वर करूनही न बघणारे लोक जिने चढून वर गेले. चेंबूरच्या म्हैसूर कॉलनी स्टेशनाजवळ गाडीनं मान टाकली. खाली रस्ता, वर पाऊस, मध्ये अधांतरी चार डबे. दिवे गेले, एसी गेला, खिडक्या उघडण्याची सोय नाही आणि आत पाचशेहून जास्त माणसं. अग्निशमन दलाच्या शिड्या आल्या. लोकांना उतरवता उतरवता तीन तासांहून जास्त वेळ गेला. काहींना गुदमरल्यामुळे दवाखान्यात न्यावं लागलं.

मग एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, खुलासा आला. गाडीची क्षमता १०४ टन, भार झाला १०९ टन. जादा भारामुळे गाडी आणि तिला वीज देणारी पट्टी यांचा संपर्क तुटला. म्हणजे गाडीचं काही चुकलं नव्हतं, गाडीत बसणाऱ्यांचं चुकलं होतं. मुंबईकराची मोजदाद आजवर मतांत झाली, चौरस फुटांत तर ती रोजच होते. टनांत प्रथमच झाली.

पाच टन म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. सत्तर-ऐंशी माणसं. चार डब्यांत वाटली तर डब्यामागे वीस. कुर्ल्याला संध्याकाळी लोकलच्या एका दारातून याहून जास्त माणसं आत शिरतात, आणि आणखी तेवढीच दांडीला धरून आपण आत आहोत असं समजतात. रेल्वेनं या प्रकाराला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं रीतसर नाव दिलं आहे. एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसं, असं त्याचं कोष्टक. बारा डब्यांची लोकल साडेचार-पाच हजार माणसं कोंबून रोज निघते. हे काही भूषणावह नाही, रोज त्यात माणसं मरतात. पण त्या लोकलनंही आजवर कुणाला ‘तुम्ही जड झालात’ असं सुनावलेलं नाही.

जुन्या रेल्वे स्टेशनांवर वजनाची यंत्रं असायची, रंगीत दिवे आणि फिरती चक्रं असलेली. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं छोटं तिकीट खाली पडायचं. त्यावर वजनही असायचं आणि भविष्यही. ही यंत्रं खरी हवी होती मोनोच्या स्टेशनांवर. तिथे या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे.

आता हे म्हैसूर कॉलनी स्टेशन कुठे उभं आहे ते बघा. चेंबूरहून निघालेली मोनो व्ही. एन. पुरव मार्ग, फर्टिलायझर टाऊनशिप, भारत पेट्रोलियम, म्हैसूर कॉलनी, भक्ती पार्क अशी वडाळ्याला येते. स्टेशनांची ही नावं ओळीनं वाचली की प्रवासाचा मार्ग कमी आणि शाळेच्या औद्योगिक सहलीचा कार्यक्रम जास्त वाटतो. इकडे खताचा कारखाना, तिकडे तेलशुद्धीकरण कारखाना, माहुलच्या बाजूला वळलं की टँकरच टँकर. या पट्ट्याला ‘गॅस चेंबर’ म्हणायची चेंबूरकरांची रीत जुनी आहे, त्यात आता विनोदही उरलेला नाही. ८ ऑगस्ट २०१८ला इथल्या भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट झाला आणि आसपासच्या वस्त्यांतली घरं हादरली. मोनोला काहीही झालं नाही, कारण मोनो बंद होती.

बंद का होती? ९ नोव्हेंबर २०१७च्या पहाटे तिचे मागचे दोन डबे जळाले होते म्हणून. कुठे जळाले होते? याच म्हैसूर कॉलनी स्टेशनात. सुदैवानं आत एकही प्रवासी नव्हता. प्रवासी नसल्यामुळे अनर्थ टळला, हा मोनोच्या चरित्रातला पहिला प्रसंग. पुढे तेच तिचं सुरक्षा धोरण झालं असावं. आग लागली की गाडी रिकामी असल्यामुळे वाचते आणि भरली की भरल्यामुळे अडकते. त्यानंतर १ सप्टेंबर २०१८पर्यंत, जवळजवळ दहा महिने, सेवा बंद राहिली. दहा महिने लोकल बंद ठेवायची कल्पना करून बघा. सरकार राहील का?

‘मोनो कशाला?’ असा प्रश्न ती आखतानाही विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर कागदावर चांगलं होतं. रस्ता अरुंद, वळणं तीव्र, वस्ती दाट, तिथे मेट्रो वळत नाही, मोनो वळते. खांब बारीक, त्यावर एकच तुळई, तिला दोन्ही बाजूंनी कवटाळून रबरी चाकांवर धावणारी गाडी. सगळं खरं. पण म्हैसूर कॉलनी सोडली की भक्ती पार्कपर्यंत काय आहे? खाडी, चिखल, कांदळवन. दाटी आहे, पण ती तिवरांची. तिवरांना वडाळ्याला जायचं नसतं.

गाडी तुळईला कवटाळून चालते, याला एक दुसरी बाजूही आहे. मेट्रो मध्येच थांबली तर तिच्या पुलावरून निदान चालत पुढच्या स्टेशनाला जाता येतं. इथे चालायला काही नाहीच. दार उघडलं तर समोर हवा. म्हणून बाहेर पडायचे मार्ग दोन: मागून दुसरी गाडी यायची, नाहीतर खालून बंब. ज्या वाहनातून बाहेर पडण्याची व्यवस्था अग्निशमन दलाच्या भरवशावर आहे, त्याचं एखादं स्टेशन खरं तर अग्निशमन केंद्रातच हवं होतं. भारत पेट्रोलियमच्या नावानं आहेच की.

त्याच खाडीच्या अंगानं आणखी एक गोष्ट जाते, तिच्याविषयी कुणी विनोद करत नाही. पूर्व मुक्त मार्ग. बांधणारी तीच एमएमआरडीए, काळही तोच. जून २०१३मध्ये त्याचा पहिला भाग सुरू झाला, पुढच्या जूनमध्ये उरलेला. सुमारे सतरा किलोमीटर, टोल नाही, सिग्नल नाही, चेंबूरहून थेट फोर्टच्या तोंडाशी. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. म्हणजे या भागात एकाच प्राधिकरणानं एकाच सुमारास दोन उंच रस्ते बांधले. गाडीवाल्यांना जायचं होतं तिथे त्यांचा रस्ता नेला. गाडी नसलेल्यांचा रस्ता जिथे जागा होती तिथे नेला. पहिला पहिल्या दिवसापासून भरून वाहतो आहे, दुसरा रिकामा म्हणून हिणवला गेला. यात अभियांत्रिकीचं कोडं कुठलंच नाही.

रिकामा राहण्यासाठी मेहनतही कमी घेतली नव्हती. १ फेब्रुवारी २०१४ला मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते मोनोचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, चेंबूर ते वडाळा हा टप्पा लोकांसाठी खुला झाला. पोरंबाळं घेऊन लोक आले, गर्दी उसळली, फोटो निघाले. तिकीट पाच रुपयांपासून अकरा रुपयांपर्यंत. आणि वेळ? सकाळी सात ते दुपारी तीन. मुंबईत दुपारी तीनला कोण घरी जातं? सकाळची शाळा सुटलेली मुलं आणि राजीनामा दिलेली माणसं. सकाळी मोनोनं कामावर जा, संध्याकाळी आपापलं बघा, अशी ती योजना होती. वेळा पुढे वाढल्या, पण ज्या महिन्यांत माणसाला नव्या गाडीची सवय लागते त्याच महिन्यांत तिनं संध्याकाळ टाळली. आणि मग तज्ज्ञ म्हणाले, लोकांचा प्रतिसाद नाही.

उरलेला अर्धा मार्ग, वडाळा ते सात रस्ता, सुरू व्हायला ३ मार्च २०१९ उजाडलं. सात रस्त्याचं स्टेशन म्हणजे संत गाडगे महाराज चौक. त्यांच्या नावाच्या स्टेशनाखाली उभं राहिलं की बाबांचा खराटा हातात घ्यावासा वाटतो, एवढंच सांगतो. या टप्प्यावर ‘दादर पूर्व’ नावाचं एक स्टेशन आहे. नाव वाचून कुणी दादरच्या आशेनं तिथे उतरला तर त्यानं प्लॅटफॉर्मवर उभं राहून लोकल शोधू नये. दादर रेल्वे स्टेशन बरंच लांब आहे. सतरा स्टेशनं आणि वीसेक किलोमीटर, पण लोकलमधून उतरून छपराखालून मोनोत चढलो असं सुख जवळजवळ कुठेच नाही. मुंबईत प्रवास म्हणजे गाडी बदलणं, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं नकाशा काढलेला दिसतो.

‘देशातली पहिली मोनोरेल’ हे बिरुद मात्र मोठ्या अक्षरांत मिरवलं गेलं. पतियाळा संस्थानात १९०७ साली एका रुळावरची गाडी सुरू झाली होती. एक चाक रुळावर, दुसरं मोठं चाक रस्त्यावर टेकलेलं, ओढायला आधी खेचरं आणि मग वाफेचं इंजिन. ती १९२७च्या सुमारास बंद पडली. तिचं इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि दुरुस्त करून चालतं ठेवलं आहे. शंभर वर्षं जुनी मोनोरेल आजही चालते, ही बातमी आपल्या मोनोवाल्यांच्या कानावर न घातलेलीच बरी.

आपल्या मोनोच्या गाड्या मलेशियाच्या स्कोमी कंपनीच्या. लार्सन अँड टुब्रो आणि स्कोमी यांच्या जोडीला हे काम मिळालं होतं, कंत्राट अडीच हजार कोटींच्या घरात. डिसेंबर २०१८मध्ये एमएमआरडीएनं ते रद्द केलं आणि कारभार हाती घेतला. मग कळलं की कारभार हातात आला, सुटे भाग आले नाहीत. उभ्या गाडीचे भाग काढायचे आणि चालत्या गाडीला बसवायचे, असा संसार सुरू झाला. गाड्या कमी झाल्या की दोन गाड्यांतलं अंतर वाढतं. अंतर वाढलं की माणूस रिक्षा करतो. माणूस रिक्षा करू लागला की प्रतिसाद नाही म्हणून गाड्या कमी. हे चक्र मात्र कधी बिघडलं नाही, त्याला सुटा भागही लागला नाही.

मोनोवर विनोद करणं हा मुंबईतल्या पेपरांचा दहा वर्षांचा स्वस्त धंदा आहे. रिकाम्या डब्याचा फोटो, पांढऱ्या हत्तीचं व्यंगचित्र, झालं सदर. त्या रिकाम्या म्हटलेल्या गाडीनं रोज पंधरा-वीस हजार लोक जात होते, हे त्या फोटोंत दिसायचं नाही. मुंबईच्या हिशेबात हा आकडा फुटकळ, मान्य. पण ते कोण होते? ज्यांना रिक्षा रोज परवडत नाही असे. म्हैसूर कॉलनीतून वडाळ्याला जाणारी कॉलेजची पोरं, अँटॉप हिलच्या बाजूला घरकाम, दवाखान्यातली कामं करणाऱ्या बाया, भक्ती पार्कला रखवालीला जाणारे. यांतल्या कुणी व्यंगचित्र काढलं नाही. त्यांना गाडी आवडायची. बसायला मिळायचं, वारा गार लागायचा, वीस मिनिटांत खाडी ओलांडून पलीकडे. म्हणजे जी गाडी शहराला नकोशी होती ती एका पट्ट्याला हवी होती. त्या पट्ट्याला कुणी विचारलं नाही, नकाशा काढताना नाही आणि फोटो काढतानाही नाही.

१९ ऑगस्टनंतर काय झालं? दोन अधिकारी निलंबित झाले. वजनाची मर्यादा १०२ ते १०४ टन ठरली. डब्यात सुरक्षारक्षक नेमायचे आणि भार वाढला तर लोकांना खाली उतरवायचं, असं ठरलं. हा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. दार उघडं आहे, गाडी निघत नाही आणि रक्षकाला पाच टन कमी करायचे आहेत. तो कुणाकडे बघणार? ‘काका, तुम्ही पुढच्या गाडीनं या ना.’ काका म्हणणार, मीच का, ते बघा दाराशी कोण उभे आहेत. दाराशी उभे असलेले पोट आत घेणार. मावशींच्या पिशवीत पाच किलो तांदूळ, तो धरायचा की नाही? पुढची गाडी किती वेळानं, याचं उत्तर रक्षकाला ठाऊक नाही आणि ज्याला ठाऊक आहे तो गाडीनं येत नाही.

ही व्यवस्था महिनाभर तरी टिकेल असं वाटत होतं. १५ सप्टेंबरच्या सकाळी, पुन्हा पावसात, वडाळा भागात मोनो पुन्हा थांबली. लोकांना पुन्हा बाहेर काढलं, या वेळी दुसऱ्या गाडीत घेऊन. प्रवासी किती होते? १७.

सतरा. पाचशेंच्या वेळी वजन जास्त झालं म्हणून गाडी थांबली, हे आम्ही ऐकून घेतलं. सतरांचं वजन किती? प्रत्येकानं घरातला फ्रीज सोबत आणला होता असं धरलं तरी १०४ टनांपर्यंत पोचत नाही. या वेळी टनांचा उल्लेख कुणी केला नाही. बिघाड तांत्रिक होता. माणसं पाचशे असली की दोष माणसांचा, सतरा असली की यंत्राचा, असा नियम यावरून निघतो. मधल्या आकड्यांसाठी सुधारित परिपत्रक यायचं राहिलं.

पाच दिवसांनी, २० सप्टेंबरला, सेवाच थांबवली. कारण सांगितलं ते सुधारणांचं: हैदराबादच्या मेधा कंपनीच्या दहा नव्या गाड्या, नवी संगणकीय सिग्नल यंत्रणा, जुन्या गाड्यांची डागडुजी. हे सगळं होणं गरजेचं होतं, यात वाद नाही. मला एवढंच विचारायचं आहे की हे शहाणपण यायला पाचशे माणसं तीन तास उकडून काढायची गरज होती का. बंद गाडीवर काम सुरू झालं आणि ५ नोव्हेंबरला चाचणीच्या वेळी नवी गाडी वडाळ्याजवळ तुळईवरून घसरून तिरकी झाली. आत प्रवासी नव्हते. वर सांगितलेलं सुरक्षा धोरण आठवतंय ना? ते अजून लागू आहे.

सेवा थांबल्यावर म्हैसूर कॉलनी स्टेशन वर राहिलं आणि लोक खाली. वडाळ्याला जायचं तर रिक्षा, नाहीतर बेस्ट. बेस्टचं किमान भाडं मे २०२५मध्ये साध्या बसला पाचाचं दहा आणि एसी बसला सहाचं बारा झालं. गाड्या मात्र दुप्पट झाल्या नाहीत, उलट वर्षानुवर्षं कमीच होत आल्या. थांब्यावर टँकरचा धूर खात अर्धा तास उभं राहिल्यावर बस येते, ती तुडुंब भरलेली असते. तीत किती टन माणसं आहेत हे कुणी मोजत नाही. कंडक्टर असलाच, तर घंटी वाजवून म्हणतो, ‘पुढे चला, पुढे चला, पुढे जागा आहे.’